उत्स्फूर्त प्रतिसाद
डिंकाची बाटली उघडली की मला भाईंदरचं आमचं विद्यापीठ ग्रंथालय आठवतं. दोन हजार चार-पाचचा काळ, तिथे सूचना चिकटवायचं काम माझं. संगणकावर शोधनिबंध कसे शोधायचे, यावर एकदा व्याख्यान ठेवलं होतं. कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची आमची पद्धत, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ असं टाइप करून मी कागद सकाळीच फलकावर लावूनही टाकला. व्याख्यान देणाऱ्या निवृत्त ग्रंथपाल मॅडम काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन पोचल्या, तर समोर चाळीस रिकाम्या खुर्च्या. परीक्षेच्या सुट्टीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. “मुलं येतायत, मॅडम,” मी रेटून म्हटलं. अर्धा तास नुसते पंखे फिरत राहिले. मग त्या म्हणाल्या, “कुणी येत नाहीये गं. तूच बस.” मी पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी मला एकटीला तासभर, चक्क माइकवरून, सगळं समजावलं. मी एक प्रश्नही विचारला. जाताना फलकापाशी थांबून त्यांनी ती बातमी वाचली. मी शरमून कागद काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. “राहू दे. घरी दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. तू विचारलंस.” आता मीही निवृत्त झालेय, जेसल पार्कच्या घरात एकटीच असते. काल कुरिअरवाल्याने दारात “आंटी, बी विंग किधर है?” एवढंच विचारलं, तर मी चपला घालून त्याला पार बी विंगच्या लिफ्टपर्यंत सोडून आले.