झाली की, दोनदा

माझ्या मुलाला शी झाली, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ती झाली नव्हती. मी बघितलंही नव्हतं.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. मोडनिंबहून शिकून आलेला, घरातला पहिला बी.एस्सी., त्यामुळं अंगात जरा जास्तच वारं शिरलेलं. एका ग्रहणात मी शाळेच्या मैदानावर उभा राहून पोरांसमोर कांदाभजी खाल्ली होती. हेडमास्तर हरकत घ्यायला आले, तर त्यांच्यापुढंही पुडी धरली. "ग्रहण म्हणजे सावली, सर. सावलीला कोण घाबरतं?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला बरेच दिवस ऐकू येत होत्या, आणि इतर काही ऐकू येत नव्हतं.

बायको मंद्रूपची. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी व्हायचं, पण शेवटी शेवटी तिचे पाय फार सुजले, म्हणून सासूबाई तिला घेऊन सोलापुरात आल्या. ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंचं चार खाटांचं प्रसूतिगृह होतं. बाईंचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळं बाई मला 'सर' म्हणायच्या आणि मीही त्याला लायक असल्यासारखं हसायचो.

संध्याकाळी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर मुलगा झाला. मी आत निघालो तर आईनं दंड धरला.

"थांब जरा. जोशीबुवाला वेळ इचारून येते."

आई परत आली ती चेहरा पाडूनच. "मूळ लागलंय रं."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांना सांगतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या पोराचं तोंड मुळाची शांती होईपर्यंत बापानं बघायचं नसतं. बघितलं तर बापाच्या जिवावर बेततं. शांतीच्या दिवशी काशाच्या वाटीत तेल ओतून त्यात पडलेलं पोराचं तोंड आधी बघायचं, मग खरं तोंड. आता त्या भजी खाणाऱ्या माणसानं काय करायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. त्यानं काय केलं ते मी सांगतो. तो म्हणाला, "बरं."

आईचं मन राखायला, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते पटलंसुद्धा. अडचण एकच होती, डॉक्टरीणबाईंना हे कळता कामा नये. शास्त्राचा मास्तर मुळाला भिऊन बाहेर बसलाय हे त्यांच्या मुलाला कळलं असतं, म्हणजे वर्गाला कळलं असतं, म्हणजे संपलंच. त्या दिवसांत गावात डोळ्यांची साथ होती. मी नव्या पेठेत जाऊन रस्त्यावरच्या माणसाकडून काळा चष्मा घेतला आणि खोलीच्या दाराकडं पाठ करून व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

"माझे डोळे आलेत," मी नर्सला सांगितलं. "बाळाला लागण नको."

"बघा, बापाला किती काळजी!" ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली. चष्म्याआड मी जरा फुगलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आंघोळ करून भाकरी आणायला आमच्या खोलीवर गेल्या होत्या. बायकोला टाके पडलेले, इंजेक्शनच्या गुंगीत ती झोपलेली. डॉक्टरीणबाई घाईघाईनं फेरीवर आल्या. आत दुसऱ्या एका बाईच्या कळा वाढल्या होत्या आणि बाईंचं अर्धं लक्ष तिकडं होतं. माझ्याजवळ थांबून त्यांनी विचारलं, "सर, बाळाला शी झाली ना?"

'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द पुरले असते. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्ही इथं बसून आहात आणि माहीत कसं नाही? मग चष्मा, मग मूळ, मग भजी. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हणालो, "झाली की. दोनदा."

दोनदा का, ते मला अजूनही सांगता येत नाही. एकदा म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं, असं काहीतरी असावं. खोट्यालाही मी वर थोडं माप घातलं.

"छान. तुम्ही आहात म्हणून मला चिंता नाही," म्हणून बाई आत पळाल्या.

इथपर्यंत मी हा किस्सा अनेकदा सांगितलाय, आणि लोक हसलेत. पुढचा भाग मी गाळत असे.

दुपारी बायको जागी झाली. बाळाच्या दुपट्यावर शीचा एकही डाग नव्हता ते तिच्या लक्षात आलं. तिनं नर्सला हाक मारली. मला बाकावरून सगळं ऐकू येत होतं.

"बाळाला अजून शी झाली नाही हो."

"झाली बाई. तुम्ही झोपेत होता. तुमच्या मालकांनीच सांगितलं बाईंना, दोनदा झाली म्हणून."

मग आतून बायकोचा थकलेला आवाज आला, "अहो, झाली का खरंच?"

तेव्हा उठायला हवं होतं. चष्मा काढून आत जायला हवं होतं. ती माझी बायको होती, तिला मुळाचं ठाऊक होतं, तिच्यापुढं लाज कसली? पण नर्स आत होती. मी मान न वळवता म्हणालो, "झाली गं. तू झोप."

आणि ती झोपली. माझ्या शब्दावर. सासूबाई भाकरी घेऊन आल्या, नातवाला मधाचं बोट चाटवलं, बिनडागाच्या दुपट्याबद्दल त्याही काही बोलल्या. पण जावयानं सांगितलंय म्हटल्यावर त्यांनीही विषय सोडला. खोटं एकदा बोललं की ते आपल्या हातात राहत नाही. ते बायकांच्या तोंडून फिरायला लागलं आणि प्रत्येकीगणिक जास्त खरं होत गेलं. संध्याकाळपर्यंत माझाही त्यावर विश्वास बसत चालला होता.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाळाला हिरवी उलटी झाली. पोट ढोलासारखं ताणलेलं. डॉक्टरीणबाई वेणी घालता घालता धावत आल्या, आत गेल्या, त्यांनी बाळाला उपडं केलं. मग बाहेर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज अगदी हळू होता.

"सर, दोनदा झाली म्हणालात ना?"

"हो."

"कुठून झाली? त्या मुलाला जागाच नाही."

मला कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. काही मुलं अशी जन्मतात, क्वचित. शीची वाट शेवटी बंद असते. जन्मल्याबरोबर मी बघायला हवं होतं, चूक माझी आहे, असंही त्या म्हणाल्या. मी ते वाक्य एखाद्या बुडत्यानं धरावं तसं धरलं. पण त्यांनी पुढं विचारलं, "पण काल तुम्ही सांगितलं नसतंत तर मी उलटून बघितलं असतं. तुम्ही काय बघितलंत?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चष्म्याकडं बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं. आत जाऊन त्यांनी बाळाला गुंडाळलं.

बायकोला हलवता येत नव्हतं. मी आणि सासूबाई टांग्यानं सरकारी मोठ्या दवाखान्यात निघालो. सासूबाई बाळाला घेऊन टांगेवाल्याकडं पाठ करून बसल्या आणि मी पुढं, टांगेवाल्याशेजारी. म्हणजे तेव्हासुद्धा तोंड चुकवूनच. मागून बाळ रडत नव्हतं, कण्हत होतं. इतक्या लहान जिवाला कण्हता येतं हे मला माहीत नव्हतं.

सर्जन गलेलठ्ठ, घाईचे, तोंडानं फटकळ. त्यांनी बाळाला टेबलावर ठेवलं. "बाप कोण? पाय धरा वर. आणि तो चष्मा काढा, सिनेमाला आलात का?"

मी चष्मा काढला आणि पाय धरले. माझ्या मुलाचं पहिलं दर्शन मला झालं ते दुसऱ्या टोकाकडून. शास्त्रात तोंड वर्ज्य सांगितलंय, बाकीच्याबद्दल काही नाही, असा एक वाह्यात विचार त्या वेळीही माझ्या डोक्यात आला. मग दिसलं. जिथं असायला हवं तिथं सपाट कातडी, आणि तिच्याखाली निळसर काळा ठिपका.

"हे दिसतंय ना काळं? शी आहे ती," सर्जन म्हणाले. "कातडीला येऊन टेकलीय. म्हणजे नशीब आहे, वाट जवळपर्यंत आलीय. वर कुठं अडली असती तर पोटाला भोक पाडावं लागलं असतं. पण पोट बघा किती फुगलंय. त्यामुळं त्याला नीट श्वास घेता येईना. अशात भूल द्यायची म्हणजे... काल का नाही आणलं?"

सासूबाई म्हणाल्या, "आमाला वाटलं झालीया. ह्यांनी सांगितलं हुतं की."

सर्जननी माझ्याकडं बघितलं. "काय करता तुम्ही?"

"मास्तर आहे. शास्त्र शिकवतो."

"कितवीला?"

"नववीला."

"पचनसंस्था असते ना नववीला?"

मी मान हलवली. फळ्यावर रंगीत खडूनं काढायचो मी ती. तोंडापासून शेवटपर्यंत, बाण दाखवून.

"वाचेल का?" मी विचारलं. "बघू," ते म्हणाले. "काल आणलं असतं तर 'हो' म्हणालो असतो."

शेजाऱ्यांकडून कळल्यावर आई धापा टाकत आली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नर्स बाळाला घेऊन उभी होती. नाकात नळी घातलेली, ती पट्टीनं गालाला चिकटवलेली. एवढं मला कडेकडेनं दिसलं. नर्स म्हणाली, "बघून घ्या बाळाला."

मी आईकडं बघितलं. आईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "बघ रं," ती म्हणाली. "बघून घे लेकराचं तोंड. मुळाचं काय, ते मी बघते."

ज्या बाईनं मला अडवलं होतं तिनंच मला सोडलं. आता मला कुणाचंच मन राखायचं नव्हतं. आणि मी मान वर करू शकलो नाही. मला जिवाची भीती होती असं नाही. म्हणजे थोडी असेलही, खोटं कशाला सांगू, आधीच खूप सांगून झालंय. पण खरी भीती ही की, या पोराचं तोंड मी बघितलं आणि ते आतून परत आलं नाही, तर ते मला जन्मभर दिसत राहील. न बघितलेलं पोर विसरता येईल असा हिशेब मी करत होतो. दोन दिवसांच्या पोराला त्याचा बाप असा विसरायची तयारी करत होता, आणि दुपट्यातून बाहेर आलेला त्याचा पाय माझ्या शर्टाच्या बाहीला लागत होता.

"आवं, बगा की!" सासूबाई म्हणाल्या.

दार बंद झालं.

आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. आई पुटपुटत देवाला काही कबूल करत होती. सासूबाईंनी पदरातून भाकरी काढून माझ्यापुढं धरली. मी नको म्हटलं. "खावा," त्या म्हणाल्या, "उपाशी ऱ्हायल्यानं केल्यालं फिटत न्हाय." मी खाल्ली. शेंगाचटणी तिखट होती, तेवढंच डोळ्यांतून पाणी यायला निमित्त.

कितीतरी वेळानं सर्जन स्वतः बाहेर आले. पांढऱ्या ॲप्रनवर पोटापासून खाली काळपट हिरवा ओघळ. मला वाटलं, संपलं.

"झाली," ते म्हणाले.

"काय?"

"शी हो! कातडी कापली आणि पिचकारीच. हे बघा, सगळी माझ्यावर. आता ही खरी झालेली बरं का, मास्तर. पोट उतरलं. रात्रभर ठेवू नजरेखाली. बहुतेक तरेल."

आई मोठ्यानं रडली आणि सासूबाई हसल्या. अनोळखी माणसाच्या कपड्यांवरच्या घाणीकडं तीन माणसं इतक्या कौतुकानं बघत उभी राहिल्याचं मी तरी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

मग मी आत गेलो आणि बघितलं. तेलाची वाटी वगैरे काही नाही, सरळ. कपाळाला आठ्या, एक डोळा अर्धवट उघडा, ओठ माझ्या सासऱ्यांसारखे. रागावल्यासारखं दिसत होतं. मी तिथं काय बोललो ते लिहीत नाही. त्याला ऐकू आलं नसणारच.

आई बाळापाशी थांबली. मी आणि सासूबाई बायकोला सांगायला निघालो. टांग्यातून उतरल्यावर सासूबाई नळावर हातपाय धुवायला थांबल्या. मला दम निघेना. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं: आधी पोट उतरलं ते सांगायचं, मग ॲप्रनचं, म्हणजे ती हसेल, आणि हसल्यावर मग माझं. मी धावतच खोलीत शिरलो. बायको उशीला टेकून बसली होती. दुधानं चोळी भिजलेली. सकाळपासून ती तशीच बसून असावी.

"वाचलं गं!" मी म्हणालो. "ऑपरेशन झालं. शी झाली, चांगली झाली. मी स्वतः बघून आलो."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्या खांद्यावरून दाराकडं नजर लावली.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "माझी आई येऊ दे. तिनं सांगितलं की मग खरं धरीन."