वाकल्यावर कमी होणारं दुखणं

“सांगू नको, करून दाखव,” हे आमच्या मजल्यावरच्या सिस्टरचं पालुपद. मान दुखते म्हटलं की मान वळवून दाखवायची, जिना चढताना धाप लागते म्हटलं की तिच्यासमोर जिना चढायचा. नर्सची नोकरी संपून दहा वर्षं झाली तरी दहिसरच्या आमच्या इमारतीला ती वॉर्डच समजायची. तुमच्याही इमारतीत अशी एखादी असेल. एरवी आपण तिला टाळतो आणि अडलं की तिचीच बेल वाजवतो.

मला हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. घरी आल्यावर समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मी “झकास” म्हणून सांगायचो. तिसऱ्या आठवड्यात अंगात कणकण आली आणि छातीत टोचायला लागलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, म्हणून दुखलं की बायको मला आडवं करायची. आडवं झालं की जास्तच दुखायचं. पण पुन्हा हॉस्पिटल नको म्हणून मी सगळं गॅसवर ढकलत होतो.

अशात सिस्टर बघायला आली. मी टीपॉयवर उशी ठेवून तिच्यावर वाकून बसलो होतो. माझं “झकास” तिने कानाआड केलं.

“आडवा हो बघू.”

झालो आणि कळवळलो.

“आता बस. पुढे वाक.”

दुखणं निम्म्याने उतरलं. ती बायकोला म्हणाली, “रिक्षा बोलाव गं. याला आत्ता न्यायचं.”

हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली होती, आत पाणी साचायला लागलं होतं. आणखी दोन दिवस घरी काढले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. औषधांनी सूज उतरली.

आभार मानायला पेढे घेऊन गेलो, तर तिने आधी माझा ताप बघितला. मग भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत म्हणाली, “हा पण फोनवर ‘बरा आहे’ म्हणाला होता. मी ड्युटी पुरी करून घरी आले.” मी पेढे ठेवून तिच्या पाया पडलो.

गेल्या वर्षी ती गेली. चर्चमधून तिची शवपेटी निघाली तेव्हा मी पुढे झालो, तर बायकोने बाही धरली. मी तिला सांगितलं, की सकाळीच डॉक्टरांना विचारून आलोय, वजन उचलायला हरकत नाही म्हणाले. तिने बाही सोडली आणि मी सिस्टरला खांदा दिला.