वॉर्डातले वाढीव दोन इंच

वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या रक्षाला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद झाला तिच्या धाकट्या भावाला. अंकितला पॉलिटेक्निकला जायचं होतं, आणि नर्सिंगच्या मुलींना विद्यावेतन मिळतं हे त्याने प्रवेशपत्रावर बहिणीच्या नावाआधी वाचलं होतं. वडील नानाजी जिनिंगमध्ये कामाला. जिनिंग चालायचं कापसाच्या हंगामात. उरलेले महिने नानाजी देशाच्या राजकारणावर देखरेख ठेवत. आई मंदाबाई बाराही महिने दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, त्यामुळे तिचं मत विचारायला कोणाला ती घरी सापडली नाही. विद्यावेतन एक तारखेला हातात यायचं आणि दोन तारखेला आंजीच्या बसमध्ये बसायचं.

शाळा वर्ध्यातली. नाव सांगून कोणाचं भलं होणार नाही. प्रवेशाच्या दिवशीच तिथे मुलीकडून आणि बापाकडून हमीपत्र लिहून घेत: शिक्षण संपेपर्यंत मुलगी पैशासाठी दुसरं कुठलंही काम करणार नाही, केल्यास नाव कमी करण्यात येईल. नानाजींनी न वाचता सही ठोकली. वाचायला चष्मा लागला असता.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात रक्षा तिसऱ्या वर्षाला होती. परीक्षेची फी आठशे रुपये, मुदत दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत, आणि विद्यावेतन नेहमीप्रमाणे अंकितच्या ड्रॉइंग बोर्डात शिरलेलं. रक्षा रुपयांत विचार करत नसे. आठशे म्हणजे पंचवीसप्रमाणे बत्तीस ब्लाउज, इतकं साधं. बाराव्या वर्षापासून ती मशीन चालवत होती. शिवाय दसऱ्याला वस्तीतल्या यच्चयावत बाया नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. लुगडं पांढरं, ब्लाउज पांढरा, आणि तो नवाच पाहिजे.

रविवारी घरी मशीनवर शिवायचं, आणि हुक, काज, हातशिलाई होस्टेलात. माल पोचवायला नानाजी होतेच. दर बुधवारी ते डबा घेऊन येत. वरच्या पुडात भाकर, खालच्या दोन पुडांत ब्लाउज. होस्टेलच्या बाईंना रक्षा कधीही दिसली की मांडीवर पांढरं कापड घेऊन टाके घालताना दिसायची. गणवेशाची इतकी काळजी घेणारी मुलगी आपल्या नोकरीत पाहिली नाही, असं त्या बाकीच्या मुलींना ऐकवत. बाकीच्या मुली खाली पाहून हसत, कारण त्यांच्या साडीचे फॉलही रक्षाच लावायची.

तिच्या शिवणाचा एकच पक्का नियम होता. छातीचं माप जे भरेल त्यात दोन इंच वाढवून वहीत लिहायचं. पांढरं सुती कापड धुतलं की आटतं, आणि श्रावणात माप दिलेली बाई दसऱ्यापर्यंत आटत नाही. हे शहाणपण फुकट आलेलं नव्हतं. शेजारच्या रुख्माबाईचा ब्लाउज एका वर्षी दीक्षाभूमीच्या गर्दीत पाठीवर उसवला होता, आणि रुख्माबाई तो प्रसंग अजून लोकांना तारीखवार सांगत असे.

त्याच महिन्यात तिची ड्युटी बाळंतपणाच्या वॉर्डात लागली. दाखल असलेल्या गरोदर बायांच्या पोटाचा घेर रोज सकाळी मोजून कागदावर चढवायचा, हे तिचं काम. वॉर्डात फीत नव्हती; आधीची मुलगी स्वतःची आणायची, ती तिच्याबरोबर गेली. रक्षाच्या खिशात होती.

पहिल्याच सकाळी सगळ्या वॉर्डाचं पोट दोन इंचांनी वाढलं.

तरुण डॉक्टर भूपेंद्र कागद पाहून हबकले. एखादीच्या पोटात पाणी वाढलं तर समजू शकतं. नऊच्या नऊ जणींच्या एका दिवसात वाढलं तर ते पुस्तकात नव्हतं. त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या डाळीवर संशय घेतला, पण त्या डाळीने कोणी फुगल्याचा इतिहास नव्हता. मग त्यांनी चौघींना सोनोग्राफीला काढलं.

"काय व सिस्टर," खाट नंबर तीनची कमला घाबरून विचारू लागली, "मले जुळं हाये का? घरी सांगू कसं? पाळणा तं एकच आणला."

पोटं पाहायला शाळेच्या प्रमुख अन्नपूर्णा मॅडम स्वतः आल्या. त्यांनी रक्षाचीच फीत घेऊन कमलाचं पोट मोजलं. छत्तीस. कागदावर अडतीस. पुढची खाट: चौतीस, कागदावर छत्तीस.

"हे दोन इंच कुठून आले?"

"शिलाईचे, मॅडम," रक्षाच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर तिला समजलं की आपण काय सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नानाजींना ऑफिसात बोलावलं. बुधवार असल्याने ते डब्यासकट आले. मॅडमनी हमीपत्र टेबलावर ठेवलं आणि डबा उघडायला लावला. वरच्या पुडात भाकर आणि ठेचा निघाला. खालच्यांत जे निघालं त्याला कोणी भाजी म्हटलं नसतं.

"ही सही तुमची ना?"

"माहीच हाये. पण मॅडम, एकोणतीस झाले, तीनच राह्यले. तिले काढाचंच असन तं सोमवारी काढा. बाया खोळंबून राह्यल्या."

"बाबा, चूप बसा ना!" रक्षा म्हणाली. तीन वर्षांचं शिक्षण त्या टेबलावर ठेच्याशेजारी पडलं होतं आणि बापाला गिऱ्हाइकांची काळजी.

"काऊन चूप बसू? पोट्टीनं चोरी केली का? शिवलंच ना? तुमच्या इथंबी टाकेच घालाले शिकवते ना?"

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. त्यांनी वरच्या ऑफिसला रिपोर्ट लिहायला घेतला. पहिलं वाक्य चांगलं झालं: सदर विद्यार्थिनीने वॉर्डात शिंपीकामाची फीत वापरल्यामुळे. इथे पेन थांबलं. शिंपीकामाची का वापरली, हे वरचे विचारणार. मॅडमनी कारकून पुंडलिकरावांना साठा रजिस्टर आणायला सांगितलं.

पुंडलिकरावांनी ते उघडून मोठ्याने वाचलं. दबक्या आवाजात वाचायची त्यांना सवय नव्हती. "मोजपट्टी कापडी, नग सहा, खरेदी चौऱ्याण्णव. पंच्याण्णवला तपासणी, सहा, सुस्थितीत. शहाण्णवला सहा, सुस्थितीत. सत्त्याण्णवला सहा, सुस्थितीत. सही आपलीच आहे, मॅडम."

"दिसते मला."

नानाजींनी हमीपत्रावरची आपली सही पाहिली, रजिस्टरातली मॅडमची पाहिली. मग त्यांनी हमीपत्र रजिस्टराशेजारी सरकवलं.

सहापैकी एकही मोजपट्टी वॉर्डात कोणी पाहिली नव्हती. मग मॅडमनी रिपोर्टाचा कागद फाडला. रक्षाने नऊही कागद त्यांच्यासमोर दुरुस्त करायचे, कमलाला जुळं नाही हे स्वतः जाऊन सांगायचं, आणि फीत इथे ठेवून जायची. ती कपाटात कुलुपात राहील, सकाळी मोजायला मिळेल, मोजलं की परत.

"आणि माझ्या होस्टेलात पुन्हा ब्लाउज दिसता कामा नये," मॅडम म्हणाल्या. मग फीत गुंडाळत म्हणाल्या, "सोमवारनंतर."

राहिलेल्या तीन ब्लाउजांना फक्त हुक लावायचे होते. त्याला फीत लागत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंदाबाईने वावर बुडवून घरोघर पैसे गोळा केले आणि एसटीने स्वतः वर्ध्याला आणले. नानाजींकडे दिले असते तर वाटेत राजकारण होतं. खिडकी बंद व्हायला अर्धा तास असताना रक्षाने आठशे रुपये भरले. ती पास झाली, शिवणात पडले असते तितक्या नाही, पण बऱ्या मार्कांनी.

दोन हजार एकमध्ये ती त्याच वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून रुजू झाली. चार्ज घेताना पुंडलिकरावांनी यादी वाचली: स्टूल चार, बेडपॅन अकरा, मोजपट्टी कापडी, नग सात. कपाटात एकच होती. टोकाला तिच्याच हाताने घातलेला लाल दोऱ्याचा टाका होता.

"बाकीच्या सहा कुठं हायेत?"

"सुस्थितीत," पुंडलिकराव म्हणाले.

रक्षाने फीत टेबलावर पसरून टोकापासून टोकापर्यंत तपासली. साठ इंच. तिने साठच लिहिलं, नग एक लिहिलं, आणि मग सही केली.