ब्रेक तिसऱ्या अंकात

सकाळी गॅरेजचं शटर खडखडत वर जातं, तेव्हा मला अजूनही तिसरी घंटा ऐकू येते. मधोमध लिफ्टचे दोन खांब, वर ट्यूबलाइटचा झोत, आणि डाव्या विंगेतून, म्हणजे चहाच्या टेबलामागून, चष्मा कपाळावर चढवत वहिनींचा प्रवेश.

दादा थकल्यावर गॅरेज त्यांनीच सांभाळलं. मी नाटकातून निवृत्त झालो, खरं तर नाटकंच माझ्यातून निवृत्त झाली, तेव्हा काउंटरवरची खुर्चीही त्यांनीच दिली. वहिनी गाडीभोवती एक फेरी मारतात, आत बसतात, बॉनेट उघडतात आणि मग लिफ्ट एकदाच वर घेतात. टायरवर तळहात फिरवताना कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. माझ्यासारख्याला ही शिक्षाच.

नवं सॉफ्टवेअर आलं ते शाळेच्या बसगाड्यांसाठी. त्यांचं काम मिळालं तरच गॅरेज तगणार होतं. टॅबवर एका कलमाचा फोटो काढून खूण केली, की मगच पुढचं कलम उघडायचं.

"भाऊजी, तपासणीची यादी तुम्ही भरा. मला टायपिंगचा वैताग येतो."

चहा पिता पिता आठवतील तशा त्यांनी वस्तू सांगितल्या. क्रम मी लावला. नुसती जंत्री प्रेक्षकांपुढे ठेवायची, हे माझ्या रक्तातच नाही. वायपरनं हलकी सुरुवात, ऑइलच्या गळतीनं रहस्य, डॅशबोर्डच्या दिव्यांनी विसावा, सायलेन्सरनं पुन्हा ताण. ब्रेक अर्थातच उत्कर्षबिंदू. त्यावर हॉर्न, आणि पडदा!

शाळेचे वाहतूक बघणारे साहेब पाहायला आले. दादांची जुनी मोटार लिफ्टवर घेतली. गळतीसाठी वर, दिव्यांसाठी खाली, सायलेन्सरसाठी पुन्हा वर.

"काका, गाडी आहे की पाळणा?" मेकॅनिक करवादला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ब्रेक कधी बघता तुम्ही?"

"तिसऱ्या अंकात," मी छाती काढून म्हणालो.

वहिनींचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी टॅब घेतला, बोटानं एकेक कलम ओढून जागेवर बसवलं आणि तपासणी पहिल्यापासून लावली. गाडी एकदाच वर गेली. सगळ्यांत आधी चाकं काढून ब्रेक उघडे केले. साहेबांच्या हातात टॉर्च देऊन वहिनींनी त्यांना जवळ बोलावलं.

"साहेब, हे आमचे दीर. गाडीतलं ओ की ठो कळत नाही त्यांना, आणि यादी त्यांना दिली ती मी. चुकलं ते तुमच्यासमोरच सुधारलं. झाकून ठेवलं नाही."

साहेबांनी टॉर्चच्या उजेडात एकेक ब्रेक पाहिला. मग म्हणाले, "सोमवारी एक बस पाठवतो. बाकीच्यांचं मग बघू."

ते गेले आणि मी छत्री शोधू लागलो. भूमिका काढून घेतलेल्या नटाला बाहेर कसं पडायचं, हे निदान नीट येतं.

"कुठं निघालात? बसा. गाडीखाली काम करणाऱ्यांना टॅब दिसत नाही, सोमवारी यादी मोठ्यानं तुम्हीच वाचायची. आणि भाऊजी, तो हॉर्न तेवढा शेवटीच ठेवलाय हं. मला आवडला."