पार्बताबाईंच्या घरची हाना

आमच्या तलावांच्या कामाचा अहवाल लिहायचा म्हटलं की हात जड होतो. किस्से मात्र आपोआप साचतात, तलावात गाळ साचतो तसे! त्यातले निम्मे हानाचे, आणि उरलेले तिला घरी ठेवून घेणाऱ्या पार्बताबाईंचे.

हाना युरोपातल्या चेक देशातली. तलावावरचे पक्षी अभ्यासायला वडसा स्टेशनजवळच्या आमच्या गावात आली. पहिल्याच दिवशी पार्बताबाईंनी माझ्यामार्फत चौकशी केली.

"तिच्या देशात तलाव नाईत का?"

"खूप आहेत म्हणते. तिचं गावच तळ्याकाठी आहे."

"मंग इथी काऊन आली? तिथले पाहून झाले का सारे?"

मी पुण्याहून समाज बदलायला आलेलो. हा प्रश्न मलाही विचारला जाऊ नये म्हणून गप्प बसलो!

* * *

पार्बताबाईंचे यजमान देवरावभाऊ याच तलावात मासे धरतात. एका सकाळी ते जाळं टाकत होते आणि हाना पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दुर्बीण लावून बसली होती. पाणकावळ्यांचा थवा उतरला, तशी ती हरखून हसायला लागली.

"ते माह्या मासोऱ्या खाऊन राह्यले, आन ही हसून राह्यली!"

हाना एव्हाना कामापुरतं मराठी शिकली होती. "भाऊ, आमच्या गावातपण मासेवाले त्यांना खूप शिव्या देतात."

देवरावभाऊ एकदम खूष. "असं? मंग मानसं चांगलेच हायेत तिकडचे!"

* * *

हिवाळ्यात हानाने आईला व्हिडिओ कॉल लावला. आई गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभी! पार्बताबाईंनी फोन हिसकावला.

"अवो बाई, काठावर या! खाली पानी आहे!"

आईला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. तिने हात हलवला, वर एक उडीही मारून दाखवली. पार्बताबाई माझ्याकडे वळल्या.

"घरी कोनी नाई का तिले आवराले?"

कोणी नव्हतं. वडील गेलेले, हाना एकुलती एक. दर फोनला आईचा एकच प्रश्न, कधी येतेस? हाना म्हणायची, काम आहे. मला तिचा अभिमान वाटायचा!

* * *

पुढची दिवाळी तोंडावर आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. जत्रा, नाटक आणि घरोघरी माहेरी आलेल्या लेकी. पार्बताबाईंनी हानाला विचारलं, तुमच्या गावी आता काय असते? ती म्हणाली, याच दिवसांत तळं रिकामं करून मासे काढतात, सारा गाव काठावर जमतो, बँड वाजतो.

"हे तं मंडईच झाली! आन माय एकटीच पाहते?"

मी घाईने म्हणालो, "बाई, पक्ष्यांच्या मोजणीचे हेच दिवस आहेत."

"तू चूप बस. पक्षी पुढच्या सालीबी येतीन."

हाना हळूच म्हणाली, "तिकीट काढते."

"अशीच जाशीन? मुराळ्याबिगर लेक धाडत नाई आमी!"

म्हणजे न्यायला माहेरचं माणूस यायलाच हवं! मी वैतागलो. "तिला भाऊ नाही. आणि तिच्या आईने जन्मात विमानात पाय ठेवलेला नाही!"

"भाऊ नाई तं माय येईन. फोन लाव."

हानाने लावला. निरोप सांगितला. मग आई एवढंसं काहीतरी बोलली, आणि हाना आमच्याकडे वळली.

"विचारतेय... कोणत्या स्टेशनवर उतरायचं?"

पार्बताबाईंनी पदर खोचला.

"वडसा म्हनाव. मी सोता येतो घ्याले!"