मेक्सिकोची रंगीत तालीम, खोर फक्कानला

ठक्, ठक् ठक्, ठक्. मिरजेच्या शाळेत आमचे मराठीचे मास्तर कविता म्हणताना टेबलावर पट्टीने ठेका धरायचे. सागरावरची कविता असली की तो ठेका संथ व्हायचा, आणि समुद्र कधीही न पाहिलेली आम्ही पन्नास पोरं लाटेसारखी डोलायचो. समुद्र मी पुढे पोटासाठी ओलांडला. पण आजही तो दिसला की आधी पट्टी ऐकू येते, मग लाट.

मेक्सिकोतल्या कानकुनची माहिती शोधत तुम्ही या पानावर आला असाल, तर आधीच सांगतो, आम्ही तिथे गेलो नाही. उषा, माझी बायको, आता नाही. हे वर्णन आहे मेक्सिकोच्या सहलीच्या तयारीचं आणि त्या तयारीत घडलेल्या एका छोट्या प्रवासाचं. साल दोन हजार. आम्ही शारजात अल नहदाला राहायचो, मी औद्योगिक क्षेत्रातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत होतो.

गल्फमधल्या आपल्या माणसाला सुट्टी म्हणजे गाव. कंपनीचं तिकीटही मुंबईचंच. पंधरा वर्षांतल्या आमच्या सगळ्या सुट्ट्या मिरजेत गेल्या: कुणाचं लग्न, कुणाची मुंज, घराचं छप्पर. उषाची सुट्टी तर तिथल्या स्वयंपाकघरातच जायची. त्या वर्षी ट्रॅव्हल एजंटकडे मुंबईचं तिकीट काढायला गेलो, तर तिने काउंटरवरचं कानकुनचं एक रंगीत माहितीपत्रक उचललं. पांढरी वाळू, निळं पाणी, गवताच्या छत्र्या. बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, मला एकदा अशा गावी जायचंय, जिथे आपलं कुणी नाही."

एवढं मागणं तिने त्याआधी कधी मागितलं नव्हतं.

मी आईला मिरजेला फोन लावला. या वर्षी येत नाही म्हणालो. लाइनवर खरखर झाली. मग आई म्हणाली, "बरं. फिरून या हो."

खरी पंचाईत शेजाऱ्यांची झाली. आपल्याकडे कुणी सुट्टीला निघालं की पार्सलं येतातच. खालच्या मजल्यावरच्या शमीमभाभी, मूळच्या रत्नागिरीच्या, पिशवी घेऊन हजर. "उषाताई, आमच्या अम्मीसाठी गुडघ्याचं मलम आणि थोडे बदाम. मुंबईला भाचा येऊन घेऊन जाईल."

"भाभी, या खेपेला गावी नाही. मेक्सिकोला चाललोय."

"मेक्सिकोला?" भाभींनी पिशवी पोटाशी धरली. "तिकडे कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही. म्हणून तर!"

भाभी हसल्या, पण मलम ठेवूनच गेल्या. असेल कुणी मुंबईला जाणारं तुमच्या ओळखीचं, म्हणाल्या. आमची मुलगी मुग्धा, तेव्हा सोळाची, सोफ्यावरूनच म्हणाली, "आई, डू यू ईव्हन नो हाउ टु बी ऑन अ व्हेकेशन?"

उषाला ते लागलं. मला म्हणाली, "तालीम करू या." एजंटला शनिवारी पैसे भरायचे होते. व्हिसाचंही तो बघणार होता. म्हणून त्याआधीच्या गुरुवारी दुपारी, शुक्रवारच्या सुट्टीला जोडून, मुग्धाला मैत्रिणीकडे सोडून आम्ही दोघं कोरोला घेऊन पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला निघालो.

जाणाऱ्यांसाठी: शारजाहून धैदपर्यंत रस्ता सरळ, दोन्हीकडे तांबूस वाळू, मधूनच उंट. पेट्रोल धैदलाच भरून घ्या. पुढे डोंगर सुरू होतात, उघडे, जळक्या भाकरीच्या रंगाचे. मसाफीच्या अलीकडे फ्रायडे मार्केट लागतं, नावापुरतं शुक्रवारचं, रोज उघडं असतं. तिथे गालिचे, मातीची भांडी, फळं मिळतात. घासाघीस केल्याशिवाय काही घेऊ नका. तिथल्या कॅफेटेरियात पराठा आणि चहा घेतला. केरळी चाचा उषाला म्हणाला, "मॅडम, फॅमिली के पास जा रहे?"

"नहीं. हॉलिडे," उषा म्हणाली. तो शब्द तिने नवं लुगडं उलगडावं तसा उच्चारला.

फुजैराहून किनाऱ्याने वर गेलं की खोर फक्कानचा अर्धचंद्र दिसतो. एका टोकाला बंदराच्या क्रेन, मागे डोंगर. हॉटेल एका रात्रीचे तीनशे दिरहम. "म्हणजे पावणेचार हजार रुपये!" उषा मोठ्यांदा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "नाही, सुट्टीत हिशेब नाही."

सकाळी आम्ही माहितीपत्रकातल्या माणसांसारखे वाळूवर आडवे झालो. जरा वेळाने पाहतो तर उषा उठून टॉवेलांच्या घड्या घालतेय. "अहो, नुसतं पडायचं म्हणजे नक्की काय करायचं?" आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

थोड्या अंतरावर कोळी जाळं ओढत होते. दोराचं टोक जीपला बांधलेलं, जीप वाळूवर हळूहळू मागे जात होती, आणि एक म्हातारा अरब पाण्यात उभा राहून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, ओरडत होता. जाळं वर आलं तशी चांदी सांडावी तशी मासळी तडफडली. उषा बघत बघत पाण्यात शिरली, सलवार-कमीज घालूनच, घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या पाण्यात. लाट आली की उडी मारायची. पन्नाशीची बाई. मी काठावरून हाक मारली, "पुरे गं!" तिने वळून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "इतक्या वेळात मला कुणी हाकच मारली नाही." माझी हाक तिला ऐकूच गेली नव्हती. मी ते सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो. काय उरलं म्हणाल, तर ती पाठ. माझ्याकडे पाठ करून समुद्रात उभी असलेली उषा. पुढे मी बरेच किनारे पाहिले, लेकीकडे जाऊन आलो तेव्हा अमेरिकेतलेही. सगळे सुंदर होते, आणि प्रत्येक ठिकाणी मी काठावर एकटाच उभा होतो. जमलं तर तालमीवर थांबू नका, एवढंच सांगतो.

त्या संध्याकाळी उषा माहितीपत्रक टेबलावर पसरून कुठली खोली घ्यायची ते बघत होती. समुद्राकडची की बागेकडची? "समुद्राकडची," मी म्हणालो. "महाग असली तरी?" "असली तरी."

बेल वाजली. मुग्धाला मैत्रिणीच्या घरून सोडायला आले असतील म्हणून उषाच उठली.

दारात माझा धाकटा भाऊ दिलीप, दुबईजवळ जबल अलीला नोकरीला होता तो. हातात जुनी बॅग. त्याच्या दंडाला धरून, नऊवारीवर स्वेटर घातलेली, विमानात आयुष्यात पहिल्यांदा बसलेली आमची आई.

"दादा, सरप्राइज!" दिलीप म्हणाला. "व्हिजिट व्हिसा काढला. आई ऐकेचना."

"तुमचं येणं होत नाही म्हणालात," आई म्हणाली, "म्हटलं, मग आपणच जावं. आता दोन महिने हलत नाही मी."

 मग उषाने ओढणी सारखी केली आणि आईच्या पाया पडायला वाकली. तिच्या केसांतून बारीक वाळू आईच्या पावलांवर सांडली.

"अगं बाई, एवढी वाळू? कुठे गेला होतात गं?"

"कुठे नाही, आई," उषा म्हणाली. "इथेच होतो. या, आत या."