काशीच्या वाट्याचं रडणं

मथुरा घाडीला टीव्हीत घेतलं ते रडण्यासाठी, आणि बाहेर काढलं तेही रडणं घेऊनच. मधली चार वर्षं मालवणच्या मासळी बाजारापासून कणकवलीच्या एसटी स्टँडपर्यंत बायका तिला थांबवून बोलायच्या, काशीकाकू म्हणून. मथुरा कोण म्हणून विचारलंत, तर वाडीबाहेर कुणी सांगणार नाही.

तिच्या वाडीत गुरुप्रसाद राऊळांनी मुंबईत बसून भलंमोठं घर बांधलेलं, राहायला कुणी नाही. ते घर ‘पाणंद’ नावाच्या मालिकेला भाड्याने गेलं आणि व्हॅनी, जनरेटर, वायरींची भेंडोळी, सगळा लवाजमा वाडीत येऊन पडला. वर्षभर मथुरा तिकडे फिरकली नाही. काजूच्या फॅक्टरीत दिवसभर बिया सोलायच्या, घरी म्हातारी आई राधाबाई. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गोव्याला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. माहेरी परतली ती आईजवळच राहिली.

मग एक दिवस मालिकेतल्या आजोबांचं निर्मात्यांशी तारखांवरून वाजलं. त्यांना सिनेमा मिळाला होता. सकाळी मेकअप करून बसलेले आजोबा दुपारी बॅग उचलून चालते झाले. आता माणूस निघून गेला म्हणजे त्याला मारणं आलं. चादरीखाली दुसराच कुणीतरी झोपवला आणि वाडीतल्या पंधरा बायका रडायला गोळा केल्या. त्यात मथुरा.

कौस्तुभ म्हणून दिग्दर्शक होता, पुण्याकडचा. तो म्हणाला, रडा. बायका पदराआड फिसकन हसल्या. मथुरा तेवढी हसली नाही. तिने सरळ चादरीकडे बोट दाखवून विचारलं, “हेणी काय काय केल्यानी?”

कौस्तुभला प्रश्नच कळेना. पण तिचं बरोबर होतं. इकडे हेल काढून रडायची एक रीत आहे आणि ती राधाबाईला जशी येत होती तशी पंचक्रोशीत कुणाला येत नव्हती. अंगणात मढं असलं की बायका राधाबाईच्या तोंडाकडे बघायच्या. ती कधी ‘माझं कसं होणार’ असं रडली नाही. ती मेलेल्याला नावाने हाक मारायची आणि त्याने केलेली कामं एकेक करून त्यालाच सांगायची. कुणाला काय वाढलं, कुणासाठी भिजला, कुठलं काम अर्धं टाकून गेला. ऐकणाऱ्याचं काळीज पिळवटून निघायचं. मथुरा हे लहानपणापासून आईच्या शेजारी बसून शिकली. दोनच गोष्टी आईने बजावलेल्या. आपलं दुखणं मध्ये आणायचं नाही, आणि जित्या माणसाचं रडणं तोंडातून काढायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

आजोबांनी काय केलं ते सहायकाने वाचून दाखवलं. आंब्याची कलमं लावली, भावाला वाटणी सोडून दिली, नातीसाठी झोपाळा बांधला. मथुरा चादरीपाशी बसली आणि त्या न पाहिलेल्या माणसाला अशी काही रडली की बिडी ओढत बसलेला जनरेटरवाला दाजी डोळे पुसायला लागला. कॅमेरा गर्दीवरून फिरत होता तो तिच्यावर येऊन थांबला. घरी जाऊन तिने आईला सांगितलं. राधाबाईने विचारलं, मेलो खरोच? नाही गो, सिनेमात गेलो, मथुरा म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

तो भाग लोकांनी उचलून धरला. मथुराला शेजारची काशीकाकू करून कायमची घेतली. फॅक्टरी सुटली.

‘पाणंद’चं नशीब असं की तिथे माणूस टिकत नव्हता. मुख्य सून करणारी नम्रता दुसऱ्या वाहिनीवर गेली, तिला अपघातात मारली. नणंद लग्न करून परदेशी गेली, तिला साप चावला. प्रत्येक वेळी कौस्तुभ हात जोडून यायचा, काकू, तुम्हीच आता सांभाळा. प्रत्येक वेळी मथुरा विचारायची, हिने काय काय केलं, आणि रडायची. घसरलेली मालिका वर यायची. गेलेल्यांची नावं झाली, राहिलेली तीच, आणि तिच्या वाट्याला चार वर्षांत काय? “होय गो” आणि “असा कसा झाला?” एवढीच वाक्यं. काशीला नवरा कोण, ती जेवते कुठे, झोपते कुठे, कुणी लिहिलं नाही. कुणी मेलं की काशी दारात हजर, एवढंच तिचं आयुष्य.

पण एक शब्द दिलेला होता. नणंद गेली तेव्हा मथुरा पहिल्यांदाच अडून बसली, आणि कौस्तुभने सगळ्यांसमोर सांगितलं, काकू, पुढची गोष्ट तुमची. काशीचा लहानपणी हरवलेला मुलगा परत येतो. मुंबईहून लिहिणारी सृष्टी फोनवर म्हणाली की तिला हे फार आवडलंय. मथुराने घरी येऊन चूल पेटवायच्या आधी आईला सांगितलं, “आये, माका झील येतलो.” पन्नाशीची बाई, पण बोलताना तोंड कसं उजळलेलं. पुढे आठ महिने मथुरा त्या मुलाची वाट बघत राहिली. तो आला की काशी त्याला पहिलं काय वाढेल, हेसुद्धा तिचं ठरलेलं. हसू नका. ज्याला कुणी नसतं त्याला असली वाट बघणंही फार पुरतं.

त्या आठ महिन्यांत भक्ती आली. धाकट्या सुनेच्या कामासाठी. निर्मात्यांच्या घरातली का कौस्तुभच्या मर्जीतली, यावर सेटवर दोन मतं होती. खुर्ची तिला वेगळी, खोली वेगळी, आणि कॅमेरा कुणाचंही वाक्य चालू असो, तिच्याच तोंडावर. पोरगी वाईट नव्हती, हे मथुरा आजही सांगते. पाया पडायची, काकू काकू करायची. पण तिचं पान वाढायचं तर कुणाच्या तरी पानातून काढायला हवं. आधी काशीचं “असा कसा झाला?” भक्तीकडे गेलं. मग काशीने आणलेली बातमी भक्तीला फोनवर कळायला लागली. आणि एका सकाळी तो मुलगासुद्धा आला. उंच, गोरा, रत्नागिरीकडचा नट. हरवलेला होता खराच, पण भक्तीचा भाऊ म्हणून. मथुरा तुळशीजवळ उभी राहून ती भेट बघत होती. शॉटमध्ये तिचा फक्त खांदा येणार होता.

त्यानंतर आठ दिवसांनी कौस्तुभ तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला. नेहमी उभ्याउभ्या बोलणारा माणूस बसला की समजावं.

“काकू, दिलेला शब्द पाळतोय मी,” तो म्हणाला. “अख्खा आठवडा काशीचा.”

आठवडा होता तो काशीच्या मरणाचा. ताप येतो, शुक्रवारी जाते. आणि रडणार भक्ती. मालिका तिच्यावर उभी करायची तर लोकांनी तिला रडताना बघायला हवं, हे वरून आलं होतं. फक्त तिला जमत नव्हतं. दोनदा करून बघितलं, नुसती हुंदके देते. तेव्हा काकूंनी तिला शिकवावं.

बघा माणसांची हिंमत. बाईला मारायचं, आणि तिच्या मढ्यावर कसं रडायचं तेही तिलाच विचारायचं. दुसरी कुणी असती तर खुर्ची लाथाडून निघाली असती. मथुराने सवयीने विचारलं, “काशीन काय काय केल्यान?”

सहायकाने पानं चाळली. शेवटी सृष्टीला फोन लावला, ती म्हणाली, काशी स्वभावाने चांगली होती ना, तेवढं घ्या. चांगली होती! चार वर्षं बाई दारात उभी होती आणि तिने कुणाला घोटभर पाणी दिल्याचं कागदावर नव्हतं. तिला रडायला काही नव्हतंच. मथुराला हे लागलं. स्वतःला काढल्याचं लागलं नव्हतं इतकं लागलं. काशी तिचीच होती, मथुराशिवाय काशीचं कुणी नव्हतं, आणि ती अशी रिकाम्या हाताने जाणार.

आणि तिथे मथुरा चुकली. तिच्यापाशी एक रडणं राखलेलं होतं. आईचं. वर्षानुवर्षं मनात जुळवत आणलेलं, एकदाच, वेळ येईल तेव्हा म्हणायचं. चौऱ्याऐंशीची राधाबाई घरी ओसरीवर चिंचा फोडत बसलेली असताना मथुराने ते सेटवरच्या मागच्या पडवीत बसून एकेक ओळ करत भक्तीला दिलं. पेजेतला दाट भात मला वाढलास आणि निवळ आपण प्यालीस. व्हाळाला पाणी आलं, मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलंस आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर पावसात उभी राहिलीस. दोडक्याच्या बिया राखेत घोळवून ठेवल्यास, त्या आता पेरायच्या कुणी. हेल कुठे ओढायचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं दिलं. ते काशीला शोभेल, निदान एवढं तरी तिच्या नावावर राहील, असं तिने स्वतःला समजावलं. तीन दिवसांत पोरगी तयार झाली. गळा होताच तिला.

शुक्रवारी मथुरा अंगणात डोळे मिटून पडली, तोंडात तुळशीपत्र. भक्ती रडायला लागली. पेजेची ओळ झाली, व्हाळाची झाली आणि कौस्तुभ ओरडला, “कट!” तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, काकू, तुमच्या डोळ्यातून पाणी येतंय, तुम्ही गेलायत. मेकअपवालीने गाल टिपले. दुसऱ्या वेळेलाही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्या तोंडावरून चादर ओढली आणि उरलेलं भक्तीवरच घेतलं.

भाग लागला त्या संध्याकाळी मथुराने आईला सांगितलं होतं, आज बघू नको, वीज जाईल, डोळे दुखतील, काय काय. पण राधाबाईने चार वर्षांत एक भाग चुकवला नव्हता. ती पाटावर बसली, पाय पसरून. मथुरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

टीव्हीतली भक्ती पेजेवर आली. राधाबाईचा हात गुडघा चोळत होता तो थांबला. व्हाळ आला, शाळा आली. म्हातारी हलली नाही. दोडक्याच्या बिया आल्या तेव्हा तिने मान वळवून मागच्या पडवीकडे बघितलं. तिथे शिंक्यावर राखेच्या डब्यात त्या बिया होत्या. यंदाच्याच. मग जाहिराती लागल्या आणि मथुराच्या फोनवर मेसेज यायला लागले. भक्तीने रडवलं हो, भक्तीने कमाल केली, काय पोरगी आहे.

मथुराला वाटलं, आई आता रागावेल. नाहीतर रडेल. मन कसंबसं तयार करून ती उभी होती. ती पुढे येऊन बसली आणि म्हणाली, “आये, माजा चुकला.”

राधाबाई टीव्हीकडेच बघत होती. कुठल्याशा साबणाची बाई हसत होती.

“बरा रडला गो ता चेडू,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. “मी मेलंय की तेकाच बोलावन आण.”